आर्थर क्रॉफर्ड : कर्तृत्व आणि हिशेब

सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले काम आणि त्या पैशाचा हिशेब या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. काम मोठे असेल तर हिशेबाकडे थोडा काणाडोळा करावा, असे काहींना वाटते. हिशेब चुकला म्हणजे कामही मातीमोल झाले, असे काही जण मानतात. या दोन्ही मतांच्या लोकांना अंतर्मुख करील असे एक चरित्र मुंबई शहराच्या इतिहासात आहे. ते चरित्र मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांचे होय.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडून उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरावर घड्याळाचा उंच मनोरा असलेली दगडी इमारत दिसते. तिचे अधिकृत नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई असे आहे. तरीही दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावर मुंबईकराच्या तोंडी तिचे जुने नाव कायम आहे. क्रॉफर्ड मार्केटमध्ये फळे घ्यायला जाणाऱ्या माणसाला हे क्रॉफर्ड कोण होते, त्यांनी या शहरासाठी काय केले आणि अखेरीस त्यांच्या वाट्याला काय आले, याची क्वचितच माहिती असते.

क्रॉफर्ड यांचा जन्म १८३५ चा. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत दाखल होऊन ते हिंदुस्थानात आले. १८६५ साली मुंबई शहराचा कारभार त्यांच्या हाती आला, तेव्हा त्यांनी नुकतीच तिशी गाठली होती. ते शहर तेव्हा कोणत्या स्थितीत होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद पडला. ती उणीव मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाने भरून काढली. चार वर्षे मुंबईत पैशाचा पाऊस पडला. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या भागांची किंमत आकाशाला भिडली. कामाच्या शोधात माणसांचे लोंढे आले. १८६४ च्या गणनेत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचे जुने तट पाडून शहराला मोकळा श्वास देण्याचे काम आरंभले होते.

पण तटाच्या बाहेरची मुंबई वेगळीच होती. अरुंद गल्ल्यांत दाटीवाटीने घरे उभी होती. घरांच्या पाठीमागच्या बोळांतून सांडपाणी वाहत असे, किंबहुना साचून राहत असे. सखल भागांत ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडे आणि त्यात शहराचा केरकचरा कुजत असे. १८६० च्या सुमारास विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले होते. तरी अनेक कुटुंबांचा भार अजून विहिरींवर आणि तळ्यांवर होता. पटकी दरसाल येई आणि माणसे नेई. या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखला तो १८८३-८४ मध्ये, प्रथम मिसर देशात व नंतर कलकत्त्यास. तोपर्यंत दुर्गंधीयुक्त हवेतूनच रोग पसरतात, अशी बहुतेक जाणत्यांची समजूत होती.

एवढ्या शहराचा कारभार पाहणारी व्यवस्था मात्र दुबळी होती. १८५८ च्या कायद्याने तीन कमिशनर नेमलेले होते. अधिकार तिघांत वाटले गेल्यामुळे जबाबदारी कोणा एकाची राहिली नव्हती. ही अडचण दूर करण्यासाठी १८६५ चा दुसरा कायदा झाला. शहरातील जस्टिसेस ऑफ द पीस यांच्या मंडळाला संस्थेचे कायदेशीर रूप मिळाले आणि कारभाराचे सर्व अधिकार सरकारने नेमलेल्या एकाच कमिशनरकडे सोपविले गेले. या जागेवर क्रॉफर्ड यांची नेमणूक झाली.

त्यांनी सूत्रे हाती घेतली तो काळ मुंबईच्या व्यापारी इतिहासातील सर्वांत काळा काळ होता. अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी देणी भागविणे व्यापाऱ्यांना अशक्य झाले. बँका बुडाल्या, पेढ्या बसल्या. भागबाजाराचे अनभिषिक्त राजे समजले जाणारे प्रेमचंद रायचंद यांनाही या वादळाने जमीनदोस्त केले. संकटापूर्वी त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई मनोरा उभा राहिला. क्रॉफर्ड यांच्या हाती आलेले शहर असे होते : गरजा श्रीमंतीच्या काळात वाढलेल्या आणि तिजोरी गरिबीच्या काळात सापडलेली.

हा विरोधाभास लक्षात ठेवला तरच पुढील सहा वर्षांचा अर्थ लागतो. क्रॉफर्ड यांनी पैसा येण्याची वाट पाहिली नाही. प्रत्येक पावसाळ्यागणिक माणसे मरत असताना थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आरोग्य अधिकारी म्हणून डॉ. थॉमस हिउलेट त्यांच्या साहाय्यास होते. हिउलेट यांनी मृत्यूंची नोंद, त्यांची कारणे आणि वस्त्यांनुसार त्यांची विभागणी यांवर भर दिला. कोणत्या मोहल्ल्यात माणसे अधिक मरतात हे आकड्यांत दिसू लागल्यावर सफाईची गाडी कोठे आधी पाठवायची हे ठरविणे सोपे झाले. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी ती नवी होती.

शहराच्या सफाईचा खरा भार हलालखोरांवर होता. घरोघरचे शौचकूप रिकामे करून मैला वाहून नेण्याचे काम पिढ्यानपिढ्या त्यांच्या माथी आले होते. त्यासाठी नागरिकांकडून स्वतंत्र कर घेतला जाऊ लागला आणि हे काम पालिकेच्या देखरेखीखाली आले. कचऱ्याच्या गाड्या, रस्ते झाडणारी माणसे, गटारे उपसणाऱ्या टोळ्या यांना वेळ व हद्द नेमून देण्यात आली. मुंबई स्वच्छ केल्याचे श्रेय इतिहासाने कमिशनरांना दिले. पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन बोळात शिरणाऱ्या त्या स्त्री-पुरुषांची नावे कोणत्याही इमारतीला मिळाली नाहीत. क्रॉफर्ड यांच्या कर्तृत्वाचा विचार करताना त्या अनामिकांचे ऋण विसरता येणार नाही.

रस्ते रुंद झाले, नवे रस्ते आखले गेले, खाचखळगे व डबकी बुजविण्यात आली. भरवस्तीतील दुर्गंधीकारक धंद्यांवर निर्बंध आले. शहरातील कत्तलखाने हलवून वांद्रे येथे नेण्यात आले. ते पुढे शंभर वर्षे तेथेच राहिले आणि १९७१ मध्ये देवनारला गेले. याच सुमारास मुख्य रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले आणि संध्याकाळनंतर अंधारात बुडून जाणाऱ्या मुंबईचे रूप पालटले.

या सर्व प्रयत्नांचे फळ मृत्यूच्या नोंदवहीत दिसू लागले. मृत्यूंची संख्या उतरली, पटकीचा जोर ओसरला. अर्थात या घटीचे सगळे श्रेय सफाईला देणे योग्य होणार नाही. कापसाची तेजी संपल्यावर कामासाठी आलेले असंख्य लोक आपापल्या गावी परतले होते आणि १८७२ च्या जनगणनेत लोकसंख्या ६,४४,४०५ इतकीच उरली होती. दाटी कमी झाली म्हणूनही मृत्यू कमी झाले. तथापि, शहर आधीपेक्षा राहण्याजोगे झाले होते, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागले.

क्रॉफर्ड यांच्या कार्याची सर्वांत ठळक खूण म्हणजे ती मंडई. जुने बाजार कोंदट आणि घाणेरडे होते. भाजी, फळे, मासळी सारे एकत्र. पाण्याचा निचरा नाही. वारा खेळायला जागा नाही. अन्न विकण्याची जागा स्वच्छ असल्याखेरीज शहराचे आरोग्य सुधारणार नाही, या जाणिवेतून नव्या मंडईची योजना झाली. तटबंदी पडल्यामुळे मोकळ्या झालेल्या भागाजवळ ती बांधण्यात आली. आराखडा तरुण वास्तुशिल्पी विल्यम इमर्सन यांचा होता. कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल पुढे त्यांनीच रचले. प्रवेशद्वारांवरील शेतकऱ्यांची शिल्पे जे. जे. कलाशाळेतील शिक्षक जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या कल्पनेतून उतरली. लोखंडी छपराखाली हवा आणि उजेड खेळता राहील, फरशी धुता येईल आणि पाणी वाहून जाईल, अशी ही इमारत १८६९ मध्ये पुरी झाली. तिला कमिशनरांचेच नाव मिळाले.

येथवरची कथा यशाची आहे. पण वहीची दुसरी बाजू भरत चालली होती.

मंदीत घरे रिकामी पडली होती, भाडी उतरली होती आणि घरपट्टी व इतर कर वसूल करणे कठीण झाले होते. अशा वेळी क्रॉफर्ड यांचा खर्च मात्र चढत गेला. आधी काम, मग मंजुरी, अशी त्यांची रीत होती. अंदाजपत्रकात धरलेली रक्कम ओलांडली जाई आणि नंतर जस्टिसांच्या मंडळापुढे ते प्रकरण ठेवले जाई. रस्ता झालेला असे, इमारत उभी राहिलेली असे. आता नाही म्हणून उपयोग काय, असा प्रश्न मंडळापुढे राही. सरकारकडून कर्ज काढावे लागले आणि त्याच्या फेडीचा बोजा करदात्यांवर पडला. कायद्याने जस्टिसांना पैशावर अधिकार दिला होता, पण तो बजावण्याचे साधन दिले नव्हते. सरकारने तहहयात नेमलेले हे गृहस्थ कोणाला उत्तरदायी नव्हते. क्रॉफर्ड यांना आवर घालण्याचे बळ त्यांच्यात नव्हते.

१८७१ मध्ये असंतोष शिगेला पोहोचला. जस्टिसांच्या मंडळातील जेम्स फोर्ब्स यांनी कमिशनरांच्या कारभाराविरुद्ध आघाडी उघडली आणि युरोपियन व हिंदी करदाते एकत्र आले. कमिशनरचे पदच रद्द करून कारभार जस्टिसांच्या समितीकडे द्यावा, अशी मागणी पुढे आली. लोकमत इतके तापले होते की क्रॉफर्ड यांच्या बाजूने बोलणे म्हणजे टीका ओढवून घेणे होते.

ती टीका एका सव्वीस वर्षांच्या बॅरिस्टराने पत्करली. विलायतेहून परतून त्यांना तीनच वर्षे झाली होती. त्यांचे नाव फिरोजशहा मेहता. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील सभेत त्यांनी पालिकेच्या सुधारणेवर निबंध वाचला. क्रॉफर्ड यांनी केलेल्या कामाची त्यांनी मोकळ्या मनाने प्रशंसा केली. श्रोत्यांना ती रुचली नाही. परंतु त्यांचा मुख्य मुद्दा क्रॉफर्ड या व्यक्तीचा नव्हता. दोष एका माणसाच्या हाती कारभार असण्यात नाही, त्या माणसावर देखरेख करणारे लोक करदात्यांनी निवडलेले नाहीत यात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कारभार समितीच्या हाती दिला तर जबाबदारी पुन्हा विरून जाईल, हे त्यांनी १८५८ च्या व्यवस्थेचा अनुभव पुढे ठेवून दाखविले. कारभारी एक असावा, पण तिजोरीची किल्ली लोकप्रतिनिधींकडे असावी, हे त्यांच्या सूचनेचे सार होते.

क्रॉफर्ड यांनी त्याच वर्षी पद सोडले. पुढच्या वर्षी, १८७२ मध्ये, मुंबई पालिकेचा नवा कायदा झाला. चौसष्ट सभासदांची महानगरपालिका स्थापन झाली. त्यांपैकी निम्मे, म्हणजे बत्तीस, करदात्यांनी निवडायचे होते. उरलेल्यांपैकी सोळा जस्टिसांनी आणि सोळा सरकारने. खर्चावर नजर ठेवण्यासाठी बारा जणांची टाउन कौन्सिल नेमली गेली. कमिशनरचे पद मात्र कायम राहिले. १८७३ मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या. मुंबईच्या नागरी स्वराज्याचा आरंभ असा एका अधिकाऱ्याच्या बेहिशेबी खर्चातून झाला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. १८८८ च्या कायद्याने ही रचना अधिक पक्की केली, टाउन कौन्सिलची जागा स्थायी समितीने घेतली आणि तोच कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही मुंबईला लागू आहे.

याच १८८८ साली क्रॉफर्ड यांच्या आयुष्यातील दुसरे प्रकरण उघडकीस आले आणि ते पहिल्याहून फार गंभीर होते.

मुंबई सोडल्यानंतर त्यांनी मुलकी खात्यात निरनिराळ्या जागांवर काम केले. कोकणाशी त्यांचा निकटचा परिचय झाला. चढत चढत ते पुणे येथे महसूल विभागाचे कमिशनर झाले. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांत त्यांचा शब्द निर्णायक होता. पालिकेच्या खर्चात जो सैलपणा दिसला होता, तोच त्यांच्या खाजगी व्यवहारातही होता. हात मोकळा, राहणी खर्चिक, डोक्यावर कर्ज. बढती किंवा सोयीची बदली हवी असेल तर कोठे आणि किती पैसे पोहोचवावे लागतात, याची कुजबुज जिल्ह्याजिल्ह्यांतून चालू झाली. साहेबांसाठी पैसे गोळा करणारा मध्यस्थ म्हणून हणमंतराव नावाच्या इसमाकडे बोट दाखविले जाई.

गव्हर्नर लॉर्ड रे यांनी हे प्रकरण हाती घेतले. उच्च पदावरील युरोपियन अधिकाऱ्याची अशी जाहीर चौकशी त्या काळी विरळाच. पैसे दिल्याचे जे मामलेदार खरेपणाने सांगतील त्यांना अभय मिळेल, असे सरकारने वचन दिले. हणमंतरावावर खटला होऊन त्याला शिक्षा झाली. क्रॉफर्ड यांच्यासाठी उच्च न्यायालयातील न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली आयोग पुण्यास बसला. आयोगाच्या मते लाच घेतल्याचा आरोप सिद्ध झाला नाही. मात्र आपल्या अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जाऊ रकमा घेतल्याचे सिद्ध झाले. नियमाने ते निषिद्ध होते. क्रॉफर्ड यांना सेवेतून दूर करण्यात आले.

निकालाने कोणाचेच समाधान झाले नाही. सर्वांत बिकट अवस्था मामलेदारांची झाली. अभयाच्या भरवशावर त्यांनी पैसे दिल्याची कबुली दिली होती. साहेब लाचेच्या आरोपातून सुटले आणि देणारे मात्र स्वतःच्या तोंडाने दोषी ठरले. अशा माणसांना अधिकारपदावर ठेवू नये, असा आग्रह विलायतेत धरला गेला. लोकमान्य टिळकांनी या प्रश्नावर रान उठविले. १८८९ मध्ये पुण्यात जाहीर सभा झाली. सरकारने दिलेला शब्द सरकारनेच मोडावा काय, हा त्या चळवळीतील कळीचा प्रश्न होता. मामलेदारांना खटल्यापासून संरक्षण देणारा कायदा त्याच वर्षी झाला; तरी काहींना नोकरीस मुकावे लागले. एका अधिकाऱ्याच्या सैल व्यवहाराची किंमत त्याच्या हाताखालच्या कितीतरी कुटुंबांनी चुकविली.

क्रॉफर्ड इंग्लंडला परतले. १८९७ मध्ये त्यांनी पुणे व दख्खनवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुण्यातील ब्राह्मण पुढाऱ्यांविषयीची कटुता त्यात उघड आहे. १९०९ मध्ये कोकणातील दंतकथांचा त्यांचा संग्रह आला. ज्या प्रदेशात अधिकार गाजविला आणि ज्या प्रदेशाने त्यांचा पाडाव पाहिला, त्या प्रदेशाची आठवण वृद्धापकाळीही सुटली नव्हती. १९११ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या कामाच्या मर्यादाही काळाने दाखविल्या. रस्ते झाडले गेले, पण चाळींच्या अंधाऱ्या खोल्या आणि तुंबलेली गटारे यांचा प्रश्न सुटला नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तो याच वस्त्यांतून फैलावला. तेव्हा अवघे शहर नव्याने आखण्यासाठी १८९८ मध्ये सुधारणा मंडळ नेमावे लागले. शहराची सेवा कधी पुरी होत नाही. एकाने जेथे टाकले तेथून दुसऱ्याने उचलायचे असते.

या कथेला शेवटी एक अनपेक्षित जोड मिळाली आहे. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना पुण्यात मोठी मंडई बांधण्याचा प्रस्ताव आला. फुले स्वतः बांधकामाचे मक्तेदार होते. दगडचुन्याचा खर्च त्यांना नेमका कळत होता. गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणाला पैसा नसताना मंडईच्या भव्य इमारतीवर एवढी रक्कम घालू नये, म्हणून त्यांनी प्रस्तावाला विरोध केला. त्यांचे ऐकले गेले नाही. १८८६ मध्ये ती मंडई उघडली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले, ज्यांनी दोन वर्षांनी क्रॉफर्ड यांची चौकशी करविली त्याच लॉर्ड रे यांचे.

स्वातंत्र्याच्या वाटचालीत नावे बदलली. पुण्याची रे मार्केट आणि मुंबईची क्रॉफर्ड मार्केट या दोन्ही मंडयांवर आज महात्मा फुले यांचे नाव आहे. नाव देणाऱ्यांच्या मनात हा योगायोग असेलच असे नाही. पण तो अर्थपूर्ण आहे. ज्यांनी विचारल्यावाचून खर्च केला, त्यांच्या इमारतीवर खर्चाचे कारण विचारणाऱ्याचे नाव लागले आहे.

म्हणून त्या मंडईची दोन्ही नावे लक्षात ठेवावीत. क्रॉफर्ड यांच्या धडाडीवाचून शहर स्वच्छ झाले नसते, उजेड आणि वारा खेळणारी ती इमारत उभी राहिली नसती. परंतु धडाडीला हिशेबाची जोड नसेल तर तिचा भार शेवटी दुसऱ्यांच्या खांद्यांवर पडतो : कधी करदात्यांच्या, कधी हाताखालच्या माणसांच्या. लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा ज्यांच्या हाती असतो, त्यांच्यासाठी आर्थर क्रॉफर्ड यांचे चरित्र गौरवाचेही आहे आणि सावधगिरीचेही. त्यांच्या कामातून धैर्य घ्यावे आणि त्यांच्या वहीतून बोध.